पोटात गोळा येण्याचं शास्त्र

मुंबईत घरच्या आरामखुर्चीत बसलेला माणूस पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे चाललेला असतो. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावत असते, तो वेग निराळा. एवढं असूनही त्याच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान हलत नाही. हाच माणूस सुट्टीत मुलांच्या हट्टापायी खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरवर चढतो, ताशी शंभरेक किलोमीटरने खाली येतो आणि डोळे घट्ट मिटून कुलदैवताचा धावा करतो.

घाबरायचं तर दीड हजाराला घाबरायला हवं होतं. पण शरीराला वेग मोजताच येत नाही. त्याला कळतो तो वेगातला बदल, आणि तो मात्र फार बारकाईने कळतो. विमानात ताशी आठशे-नऊशे किलोमीटरवर आपण निवांत घोरतो, आणि रिक्षाने खड्डा घेतला की शिव्या घालतो, त्याचं कारण हेच. मनोरंजन उद्यानांचा सगळा धंदा शरीराच्या या एका खोडीवर चालतो. राइडवर तर ती दिसतेच. पण तिथल्या रांगेत, जेवणाच्या बुफेत आणि रिसॉर्टच्या खोलीतल्या गादीवरसुद्धा तीच खोडी काम करत असते.

बदल मोजणारं यंत्र कानाच्या आत, कवटीच्या हाडात बसवलेलं आहे. ऐकण्याच्या शंखाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात असतात. त्यांत द्रव भरलेला असतो. मान वळवली की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्याच्या दाबाने आतला एक मऊ पडदा वाकतो. पडद्यात रुतलेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मेंदूला कळवतात, आपण फिरतोय. चहाचा कप गरकन फिरवला तर कप फिरतो आणि चहा जागीच राहू पाहतो, तसाच हा प्रकार. पण कप फिरवतच राहिलात तर थोड्या वेळाने चहाही त्याच्याबरोबर फिरू लागतो, आणि तिथे ही योजना फसते. एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या चकरीत डोळे मिटून बसलं, तर अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर आपण फिरतोय हेच कळेनासं होतं. चकरी थांबली की आतला द्रव पुढे सरकत राहतो, पडदा उलट बाजूला वाकतो, आणि घट्ट जमिनीवर उभा असलेला माणूस उलट दिशेला फिरू लागतो. लहान मुलं अंगणात गरगर फिरून धपकन पडतात आणि पुन्हा उठून फिरतात. तिकीट न काढता मिळणारी ही जगातली सर्वांत जुनी राइड असावी.

नलिकांच्या बुडाशी आणखी दोन छोट्या पिशव्या आहेत. त्यांत जेलीसारख्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीत असतो त्याच पदार्थाचे, अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. लिफ्ट वर निघाली, बस पुढे सुटली, मान कलली, की हे जड स्फटिक घसरतात आणि खालच्या पेशींचे केस वाकवतात. सरळ रेषेतला बदल मोजणारा हा भाग. आपण कानात अक्षरशः दगड घेऊन फिरतो, आणि पुढची सगळी कथा त्या दगडांची आहे.

आधी पोटातला गोळा. आपल्याला आपलं वजन जाणवतं असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात जाणवतो तो खुर्चीने किंवा जमिनीने खालून दिलेला रेटा. खुर्चीच आपल्याइतक्या त्वरणाने खाली पडू लागली की रेटा संपतो आणि वजनही संपल्यासारखं होतं. पोटातल्या आतड्यांचं तसंच आहे. ती पाठीकडच्या भिंतीला एका पातळ पडद्याने टांगलेली असतात. एरवी त्यांची ओढ सतत खालच्या दिशेने असते आणि सवयीमुळे आपल्याला तिचा पत्ता नसतो. पडताना ती ओढ एकाएकी नाहीशी होते, पोटातला ऐवज सैल सुटून वर सरकू पाहतो आणि तिथल्या मज्जातंतूंकडून मेंदूला भलताच निरोप जातो. कानातली पिशवी आणि आतडी दोघं एकाच वेळी ओरडतात की आधार गेला. रोलर कोस्टरचे अभियंते टेकडीचा उतार मुद्दाम फेकलेल्या वस्तूच्या मार्गाजवळ जाईल असा आखतात, म्हणजे काही क्षण गाडी आणि माणसं एकत्रच पडत राहतात.

याला इंजिन लागत नाही, हे अनेकांना खरं वाटत नाही. साखळीने गाडी एकदा उंचावर नेली की पुढचा बहुतेक प्रवास तिथे साठवलेल्या ऊर्जेवरच होतो. ‘नायट्रो’ची उंची सुमारे ४० मीटर आहे. घर्षण सोडून दिलं तर तेवढ्या उंचीवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर भरतो. या हिशेबात वस्तुमान येतच नाही. काका जाड म्हणून डबा जोरात जाईल, ही मुलांची थट्टा कागदावर टिकत नाही. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी हवेच्या अडथळ्याला किंचित कमी दबते, तेवढ्यापुरते काका उपयोगी पडतात.

आता बदलाची गोष्ट इतिहासात पाहू. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी १८८४ मध्ये उताराची रेल्वे उभी केली. तिकीट ५ सेंट आणि वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. लोक तासन्‌तास रांगा लावत. २०१० मध्ये अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमध्ये ‘फॉर्म्युला रोसा’ सुरू झाली, तिचा वेग ताशी २४० किलोमीटर. दुबईची टूर करणारी मराठी कुटुंबं आता तिथेही डोळ्यांवर गॉगल चढवून बसतात. पण त्या राइडमधला खरा माल पहिल्या पाचेक सेकंदांत आहे, जेव्हा वेग शून्यापासून २४० पर्यंत चढतो आणि माणूस सीटच्या पाठीत रुततो. त्यानंतरचा सरळ पट्टा म्हणजे तोंडावर आदळणारा वारा, बाकी विशेष काही नाही.

बदल द्यायचा, पण किती आणि कसा? याचं उत्तर शोधताना पहिल्या पिढीने ग्राहकांच्या माना दुखवल्या. १८९५ मध्ये कोनी आयलंडवरच ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ आली. तिचा उभा फास अगदी गोल होता. या गोलाईतच दोष होता. फासाच्या सर्वांत वरच्या टोकाला गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहील एवढाच वेग ठेवला, तरी खाली येईपर्यंत तो इतका वाढतो की तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. वर्तुळ लहान करा की मोठं, हा सहाचा आकडा हलत नाही. गणितात त्रिज्या उडून जाते. शिवाय सपाट रुळावरून गोलात शिरताना हा भार हळूहळू चढत नाही, एका क्षणात कोसळतो. त्या राइडवर १२ पटींपर्यंत भार येत असे असं सांगतात. काही वर्षांत ती बंद पडली, आणि पूर्ण उलटं करणाऱ्या कोस्टरपासून धंदा पुढे कित्येक दशकं बिचकून राहिला.

मार्ग सापडला तो १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटनमधल्या ‘रेव्होल्यूशन’वर. अँटोन श्वार्झकोफ यांच्या या राइडसाठी वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने फासाला उलट्या थेंबाचा आकार दिला. तळाशी वळण ऐसपैस, कारण तिथे वेग जास्त. वर चढत जाईल तसं ते आवळत जातं, कारण तिथे वेग कमी. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. त्याची वक्रता लांबीबरोबर एकसारखी वाढते, म्हणून मानेवर भार येतो तो पायरी-पायरीने. रेल्वे आणि रस्ते बांधणाऱ्यांना हा वक्र फार आधीपासून ठाऊक होता. सरळ रस्ता आणि वळण यांच्यामध्ये तो घालतात, म्हणून चालकाला स्टिअरिंग एकदम हिसकावं लागत नाही. खोपोलीला एक्स्प्रेस वेने जाणाऱ्या कुटुंबाने नायट्रोच्या आधीच या जातीची काही वळणं घेतलेली असतात. तेव्हा मात्र कोणी ओरडत नाही.

भाराच्या आकड्यांनी घाबरून जाऊ नये, हेही सांगायला हवं. १९९४ च्या एका अभ्यासात रोजच्या हालचालींत डोक्याला बसणारे झटके मोजले होते. खुर्चीत धपकन बसल्यावर क्षणभर गुरुत्वाच्या दहापट झटका नोंदला गेला. म्हणजे सोफ्यावर अंग टाकणारे आजोबा कागदावर नायट्रोला हरवतात. फरक आहे तो कालावधीचा. सोफ्याचा झटका सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो. कोस्टरच्या तळाशी चारपट भार काही सेकंद टिकला, तर रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोळ्यांपुढे करडी झाक येऊ शकते. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, मणक्याचं दुखणं यांबद्दलचे फलक त्यासाठीच लावलेले असतात, आणि आपल्याकडे ते वाचायची पद्धत नाही.

गाडी रुळावरून उडणार तर नाही ना, ही भीती जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याने १९१९ मध्येच मिटवली. चाकं फक्त रुळाच्या वर न ठेवता खालूनही पकडणारी चाकं बसवायची, याचं पेटंट त्याने घेतलं. आजच्या गाड्यांना रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून चाकं असतात. या चाकांमुळेच टेकडीचा माथा ओलांडताना माणूस सीटवरून उचलला जाईल असे आकार करणं शक्य झालं.

आणि मग आपल्याकडचा हमखास प्रश्न: मध्येच लाइट गेली तर? चढावर असताना गेली, तर गाडी मागे घसरत नाही. तिच्या पोटाखालची लोखंडी जीभ रुळालगतच्या दातऱ्यात अडकते. चढताना ऐकू येणारी ती टकटक या जिभेचीच. माथा ओलांडल्यावर गेली, तर गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण तिला वीज लागतच नव्हती. शेवटचे ब्रेक अनेक ठिकाणी चुंबकाचे असतात. तांब्यासारख्या धातूची पट्टी दोन शक्तिशाली चुंबकांच्या मधून जोरात गेली, की पट्टीत विजेचे भोवरे तयार होतात आणि त्यांचं चुंबकत्व गतीलाच विरोध करतं. ना वीज, ना घासणं, ना झिजणं. हे घरीही पाहता येतं: तांब्याच्या जाड नळीतून निओडिमियमचा छोटा चुंबक सोडा, तो आरामात तरंगत खाली येतो. वेग कमी झाला की हा विरोधही कमी होतो, म्हणून गाडी पूर्ण थांबवायचं काम मात्र साध्या घासणाऱ्या ब्रेकलाच करावं लागतं. हे ब्रेकही बहुधा उलट्या विचाराने बनवलेले असतात. ते मिटलेलेच असतात आणि उघडायला दाबाची हवा लागते, म्हणजे यंत्रणा बिघडली तर गाडी थांबते. एका मार्गावर दोन गाड्या असतील तर मार्गाचे ब्लॉक पाडतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी सोडतात. मुंबईच्या लोकलचीही हीच पद्धत. फक्त इथे रविवारी मेगाब्लॉक घेऊन चालत नाही, कारण सगळी गर्दीच रविवारची.

मला स्वतःला अशा चाळीस मीटरच्या धिप्पाड लोखंडापेक्षा जत्रेतल्या आकाशपाळण्याची धास्ती जास्त वाटते. दर आठवड्याला नव्या गावात सुटे नटबोल्ट जोडून तो उभा राहतो, आणि त्याची सगळी सुरक्षा शेवटचा बोल्ट आवळणाऱ्याच्या झोपेवर अवलंबून असते.

कुठे बसायचं, यावर घरोघरी वाद होतात. पुढच्या डब्यात वारा आणि दृश्य. मागच्या डब्यात झटका. पुढचा डबा माथ्यावर पोहोचतो तेव्हा गाडीचं बहुतेक वजन अजून चढावर असतं, त्यामुळे तो घुटमळतो. मागचा डबा त्याच माथ्यावर येतो तेव्हा पुढचे सगळे खाली झेपावलेले असतात आणि ते त्याला फरफटत ओढून नेतात. एकच टेकडी, दोन वेगळ्या राइड. या फरकावर चक्क वैद्यकीय संशोधन झालं आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड वॉर्टिंगर यांचा एक रुग्ण फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘बिग थंडर माउंटन’ कोस्टरवर बसला आणि त्याचा मुतखडा पडला. पुन्हा बसला, पुन्हा एक पडला. वॉर्टिंगर यांनी सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवलं, त्यात खडे आणि लघवी भरली, आणि ते पाठपिशवीत घालून सहकाऱ्यासह तीच राइड वीस वेळा केली. मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के खडे सुटले, पुढच्या सीटवर सुमारे १७ टक्के. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०१८ मध्ये त्याला ‘आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या’ संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. मूत्रपिंड सिलिकॉनचं होतं आणि राइड एकच, हे लक्षात ठेवून डॉक्टरांची चिठ्ठी फाडू नये.

आतापर्यंतचा बदल खरा होता. खोटा बदल देणाऱ्या राइड मला जास्त हुशारीच्या वाटतात. इमॅजिकातली ‘मिस्टर इंडिया’ किंवा कुठलीही सिम्युलेटर राइड घ्या. दालन अंधारं, समोर मोठा पडदा, आणि खुर्च्यांचा मंच सहा पायांवर उभा. हे सहा पाय लांब-आखूड होऊन मंच हवा तसा कलवतात. एरिक गफ यांनी १९५० च्या दशकात मोटारीचे टायर तपासण्यासाठी अशी रचना केली होती. १९६५ मध्ये स्ट्युअर्ट नावाच्या अभियंत्याच्या लेखानंतर ती वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी पुढे आली. १९८७ मध्ये डिस्नेलँडने ‘स्टार टूर्स’साठी असंच वैमानिकी यंत्र घेतलं, आणि तेव्हापासून या राइडचं पेव फुटलं.

मंच जागचा फार हलतच नाही, मग अवकाशयान सुसाट सुटल्याचा भास होतो कसा? पडद्यावर दृश्य मागे धावू लागतं आणि त्याच वेळी मंच हळूच मागे कलतो. कानातले स्फटिक मागे घसरतात. मागे कलल्यामुळे घसरले की पुढे जोरात निघाल्यामुळे, हे स्फटिकांना सांगता येत नाही. त्यांचा त्यात काही दोष नाही. गुरुत्व आणि त्वरण यांच्यात असा फरक करताच येत नाही, हे आइन्स्टाइन यांना १९०७ मध्ये सुचलं आणि त्यातून पुढे व्यापक सापेक्षतेचा सिद्धान्त उभा राहिला. मेंदू अशा वेळी डोळ्यांची साक्ष काढतो, आणि डोळे म्हणतात, यान सुटलं. अट एकच, मंच इतका सावकाश कलला पाहिजे की त्या तीन नलिकांना सुगावा लागू नये.

हीच फसवणूक अंगाशीही येते. डोळे एक सांगतात, कान दुसरं, आणि माणूस कोपऱ्यातली बादली शोधू लागतो. ही मळमळ कानाच्या तोलयंत्रामुळेच होते, याचा पुरावा फार रंजक आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाने आणि नंतर नासाने गॅलॉडेट कॉलेजमधल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग केले. बहुतेकांचा आंतरकर्ण बालपणीच्या मेंदूज्वरात निकामी झाला होता. नोव्हा स्कॉशियाच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेलं, तर ते पत्ते खेळत बसले. संशोधकांनाच बोट इतकी लागली, की प्रयोग गुंडाळावा लागला.

पण तोल बिघडल्यावर पोटाने का उलटावं? मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये मांडलेलं उत्तर असं: निसर्गात डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळेनाशा होतात त्या बहुतेकदा विषबाधेत. मेंदूला वाटतं, काहीतरी भलतं खाल्लंय, आणि तो ते बाहेर काढायला लागतो. अजून हे गृहीतकच आहे, पण मला ते पटण्याजोगं वाटतं. साधारण २ ते १२ वर्षांच्या मुलांना बस सर्वांत जास्त लागते. तान्ह्या बाळांना सहसा नाही. घाटात मुलाला लिंबू हुंगायला देणाऱ्या आईला एवढंच सुचवावंसं वाटतं, की त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि त्याला समोरच्या काचेतून रस्ता दिसेल असं बसवा. दृश्य आणि कान यांचं जुळलं, की अर्धं काम होतं. सिम्युलेटरमध्ये उलट करायचं: गरगरलं तर डोळे मिटायचे, म्हणजे खोटं बोलणारा एक साक्षीदार गप्प बसतो.

राइडवरून उतरलेल्या प्रत्येकाला वाटतं, केवढा वेळ आपण पडत होतो! चाळीस मीटरवरून मोकळं पडायला तीन सेकंदही लागत नाहीत. वेळ खरंच मंदावते का, हे तपासायला डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी डॅलसच्या एका उद्यानात स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून, पाठीवर, खालच्या जाळ्यात सोडलं. दोर नाही, काही नाही. २००७ मध्ये छापलेल्या या प्रयोगात लोकांनी स्वतःचं पडणं दुसऱ्याच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के लांब सांगितलं. पण प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी होती. तिच्यावरचे आकडे इतक्या जलद बदलत होते, की एरवी ते वाचता येत नाहीत. वेळ खरोखर मंदावली असती तर पडताना ते वाचता आले असते. कोणालाच आले नाहीत. म्हणजे त्या क्षणी मेंदू जलद पाहत नसतो. भीतीच्या भरात तो जास्त दाट आठवणी लिहून ठेवतो, आणि मागाहून ते जाड बाड पाहून आपण म्हणतो, केवढा वेळ!

रांगेत याची उलटी तऱ्हा. तिथे काहीच बदलत नाही, म्हणून प्रत्येक मिनिट टोचतं. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना पहिलंच सूत्र हे दिलं, की रिकामा वेळ भरलेल्या वेळापेक्षा लांब वाटतो. किती थांबायचंय हे ठाऊक नसलं तर आणखी लांब. म्हणून मोठ्या उद्यानांत रांग सरळ ठेवत नाहीत. ती वळते, भिंतीआड जाते, एखाद्या खोट्या गुहेत शिरते, वाटेत पडद्यावर गोष्टीची सुरुवात दाखवतात. बाहेरच्या पाटीवरची वेळ बऱ्याचदा थोडी वाढवूनच लिहिलेली असते; ४५ मिनिटं वाचून उभं राहिलेल्याला ३५ मिनिटांत नंबर लागला की तो आपणच जिंकल्यासारखा आत शिरतो. पंढरपूरच्या दर्शनबारीत आषाढीला कितीतरी तास उभे राहणारे वारकरी हे सूत्र मायस्टरच्या आधीपासून जगतात. अभंग चालू असतात, बोलणी चालू असतात, रांग पुढे सरकते.

पाटीवर विश्वास नसेल तर हिशेब स्वतः करता येतो. गाडीत २० जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते असं समजा. म्हणजे तासाला ६०० माणसं. पुढे ३०० डोकी दिसत असतील तर अर्धा तास. एवढं गणित मुलांना करायला लावलं तर त्यातली दहा मिनिटं जातात, हा वरचा फायदा.

दुपारी जेवण. भीतीच्या काळात शरीर पचनाचं काम बाजूला ठेवतं, आणि जीव भांड्यात पडला की भूक सपाटून लागते. त्यात समोर बुफे. इथेही तीच खोडी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की एक पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची गोडी उतरते. दुसऱ्या पदार्थाची शाबूत राहते. पोट भरलेलं असतं, पण जीभ नव्या चवीपुढे पुन्हा उपाशी होते. पुरीभाजी नको झालेला माणूस पास्त्याकडे वळतो, पास्ता नको झाला की दहीवड्याकडे, आणि ‘आता घासभरही नको’ म्हणून झाल्यावर त्याला गुलाबजाम जातो. दोन पदार्थांची थाळी असती तर तो कधीच उठला असता. तीस पदार्थ मांडणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं, आणि पैसे वसूल करायला बसलेल्या आपल्यालाही. नुकसान होतं ते फक्त जेवणानंतर लगेच चकरीत बसणाऱ्याचं.

आणि रात्री रिसॉर्ट. दिवसभर अंग आंबलेलं, खोली वातानुकूलित, गादी घरच्यापेक्षा मऊ. तरी बायको म्हणते, झोपच लागली नाही. नव्या जागी पहिल्या रात्री झोप उथळ लागते हे झोपेच्या प्रयोगशाळांना जुनंच ठाऊक होतं, इतकं की पहिल्या रात्रीच्या नोंदी ते टाकूनच देत. ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांच्या गटाने याच टाकाऊ नोंदींकडे पाहिलं. २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं, की पहिल्या रात्री गाढ झोपेत मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी खोल झोपतो. झोपलेल्यांच्या उजव्या कानात, म्हणजे मुख्यतः डाव्या मेंदूला पोहोचेल असा, अनोळखी आवाज केला तर ते जास्त वेळा आणि जास्त लवकर जागे झाले. डॉल्फिनसारखे सागरी सस्तन प्राणी आणि काही पक्षी अर्ध्या मेंदूने जागे राहून झोपतात. माणसात त्याचा हा पुसटसा अवशेष असावा. नवी जागा म्हणजे बदल, आणि बदल म्हणजे पहारा. दुसऱ्या फेरीत, जागा ओळखीची झाल्यावर, हा फरक दिसेनासा झाला.

म्हणजे रिसॉर्टची खरी झोप दुसऱ्या रात्रीपासून सुरू होते. आपलं पॅकेज दोन दिवस आणि एका रात्रीचं असतं, आणि चेक-आउट सकाळी अकराला.